खडकाच्या कमरेला पाणी

४ नोव्हेंबर, मंगळवार

माझा भाचा वकिलाकडे कारकून आहे. तो म्हणाला, "मावशी, तो माणूस तुला काय काय बोलतो ते तारीख घालून लिहून ठेव. तक्रार करायची वेळ आली तर उपयोगी पडेल." म्हणून ही वही. माझी शाळा चौथीत सुटली. अक्षर जसं येईल तसं येईल. कुणाला दाखवायचंय?

तो माणूस म्हणजे पाटीवाला. आमच्या बेटावर पाहुणे आणायचं कंत्राट त्याच्या कंपनीला मिळालंय. आल्यापासून त्याने एकच काम केलं, पाट्या ठोकल्या. विहिरीला पाटी, वडाला पाटी. हे म्हणाले, "सकाळी जरा वेळ एका जागी उभा राहिलो तर मलाही लावेल."

आज धक्क्यावर सगळ्यात मोठी पाटी लागली. दोन पुरुष उंच. वर लिहिलंय, 'बेटावर करायच्या दहा गोष्टी'. पहिली गोष्ट, प्रेमिकांचा कडा. गेल्या वर्षापर्यंत तिथून आम्ही मासळीची घाण टाकत होतो. दुसरी, आवाज देणारी गुहा. ठीक आहे. तिसरी, झोपाळा. दोन खांब पुरलेत, मध्ये फळी, मागे समुद्र, बसा आणि फोटो काढा. चौथी माझी वाट.

झोपाळ्याच्या खाली मी! समुद्र ओसरला की किनाऱ्यापासून दीपगृहाच्या छोट्या बेटापर्यंत वाळूचा पट्टा उघडा पडतो. दोन्हीकडे पाणी आणि मधून माणसं चालत जातात, असं आसपास दुसरीकडे कुठेही नाही. सव्वीस वर्षं मी लोकांना त्यावरून नेते आणि आणते. माझ्या आधी सासू नेत होती. आणि ह्याला फळी मोठी वाटली.

पण खरी आग मस्तकात गेली ती खालचं वाचून. 'दीपगृहाची वाट, रोज सकाळी साडेनऊ ते साडेअकरा.'

रोज!

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळीच त्याच्या ऑफिसात गेले. माझी सून तिथे तिकिटांच्या खिडकीवर बसते. मला बघून तिने मान खाली घातली.

मी म्हटलं, "ही वेळ कुणी ठरवली?"

तो म्हणाला, "मावशी, मी स्वतः पंधरा दिवसांपूर्वी तुमच्याबरोबर आलो होतो ना? साडेनऊला निघालो, साडेअकराला परत. घड्याळ लावून बघितलं."

"मी तुझी मावशी नाही. आणि ओहोटी रोज पाऊण तास पुढे सरकते. आज दहाला आहे तर चार दिवसांनी दुपारी एकला. आठवड्याने तुझ्या साडेनऊला तिथे गळ्याएवढं पाणी असेल."

"हो, पण पाटी छापून झालीय."

"मग समुद्राला वाचून दाखव."

खिडकीशी दोन पाहुणे होते, ते हसले. पाटीवाल्याचा चेहरा पडला. मला म्हणाला, "तुम्ही जरा सहकार्याची भाषा ठेवा." हे मी भाच्यासाठी लिहून ठेवते. सहकार्याची भाषा.

सून घरी आल्यावर म्हणाली, "आई, मी त्यांना समजावते हळूहळू." मी म्हटलं, भरती हळूहळू येत नसते. तुझ्या ह्या मऊपणानेच तो डोक्यावर बसलाय.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज ओहोटी दुपारी सव्वाबाराला. पण तिकिटावर साडेनऊ, म्हणून बारा माणसं साडेनऊला किनाऱ्यावर हजर. अडीच तास बसली. एकाने मला विचारलं, "तुमच्याकडे शिस्त नाही का?" मी त्याला म्हटलं, शिस्त आहे म्हणूनच तुला इथे बसवलंय, नाहीतर बुडवला असता.

एकदाचे निघालो. हल्लीची माणसं चालत नाहीत. दर दोनशे पावलांवर थांबतात आणि मागे वळून बघतात. मागे काय आहे? मागे मी आहे. मी आता मागून चालते. पूर्वी पुढे असायचे, पण मागून बरं पडतं, सगळे नजरेत राहतात. ही पद्धत मी यंदाच काढली.

दीपगृहाशी पोचल्यावर लोक वर चढतात, फोटो काढतात, शिंपले वेचतात. मी खाली काळ्या खडकाशी बसते. हा खडक माझं घड्याळ. सासूने शिकवलेलं, खडकाच्या कमरेला पाणी लागलं की उठायचं आणि निघायचं. मग मागून राजा हाका मारो. त्या वेळी निघालं की वाटेतला खोलगट भाग भरायच्या आत माणूस पलीकडे जातो. सव्वीस वर्षांत एकाचाही गुडघा भिजला नाही.

आज पलीकडे येईतो खोलगटात घोट्याएवढं पाणी आलं होतं. एका बाईच्या चपला वाहून गेल्या. तीच दोनदा खाली बसली होती शिंपल्यांसाठी. तिला म्हटलं, शिंपले मिळाले ना, ते घाल पायात.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज मजा झाली. सकाळी साडेनऊला समुद्र काठोकाठ. एक जाडा गृहस्थ तिकीट हातात धरून किनाऱ्यावर आला आणि म्हणाला, "वाट कुठे आहे?" मी म्हटलं, पाण्याखाली. तो म्हणाला, पाटीवर तर लिहिलंय. आणि गेला की हो पाण्यात! तिकिटावर इतका विश्वास मी आजवर कुणाचा बघितला नाही. पोटापर्यंत गेला, लाट आली, बसला. आमच्या मुलाने लाँचवरून दोर टाकला आणि त्याला ओढून काढला.

मग त्या गृहस्थाने ऑफिसात जाऊन जो काय तोंडाचा पट्टा सोडला! मी बाहेर पायरीवर बसून सगळा ऐकला. चहा घेऊन बसले होते.

दुपारी पाटीवाला स्वतः घरी आला. "मावशी" म्हणाला नाही, "बाई" म्हणाला. महिन्याभराच्या ओहोटीच्या वेळा द्याल का? मी बोटांवर सांगत गेले आणि सून लिहीत गेली. ती दोन ठिकाणी माझ्या आधीच लिहून मोकळी झाली. म्हटलं, घाई करू नकोस, चुकशील. चुकली नव्हती.

पाटीवर आता वेळेच्या जागी कागद डकवलाय. जिंकले मी. लिहून ठेवते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

जिंकले कसली. आज नवीन काढलंय. त्या गृहस्थामुळे वर तक्रार गेली, म्हणून आता बेटावरच्या प्रत्येक वाटाड्याने दाखला घ्यायचा. गुहावाल्याने पोहून दाखवायचं. मी चालून दाखवायचं, किनाऱ्यापासून दीपगृहापर्यंत पस्तीस मिनिटांत.

मी विचारलं, पस्तीस कुणी काढलं?

"तुम्हीच सांगितलं होतं. मी लिहून घेतलंय."

खरं आहे. पस्तीसच लागतात. म्हणून काय माझी परीक्षा घेणार? ह्याच्या जन्माच्या आधी मी, बरं आधी नाही, पण हा शाळेत नाक पुसत असताना मी त्या वाळूवर होते. मी सांगितलं, शनिवारी पहाटे ये, पावणेसातला ओहोटी आहे, तुलाच पळवते.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे जाळं शिवत होते. म्हणाले, "बरं." लग्न झाल्यापासून ह्या माणसाने 'बरं'च्या पुढे एक अक्षर जास्त खर्च केलेलं नाही. मग थोड्या वेळाने म्हणाले, "तेल लावून देऊ का गुडघ्याला?" मी म्हटलं, गुडघ्याचा काय संबंध?

१५ नोव्हेंबर, शनिवार

गेले नाही. का जायचं?

सकाळी उठून तयार झाले होते. पदर खोचला होता. दारापर्यंत गेले आणि तिडीक आली डोक्यात. सव्वीस वर्षं ज्या बाईने एक माणूस गमावला नाही तिने एका पाट्या ठोकणाऱ्यासमोर शाळकरी पोरीसारखं चालून दाखवायचं! पुन्हा आत आले आणि भांडी घासली. सगळी घासली, स्वच्छ असलेलीसुद्धा.

सून म्हणाली, "आई, एकदाच चालून दाखवा ना. कुणी नसताना, माझ्याबरोबर. मी वेळ बघते."

"तू कुणाच्या बाजूची आहेस?"

ती घासलेली भांडी पुसायला लागली. हेच तिचं मला आवडत नाही. माणसाने भांडावं तरी.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज सगळं कळलं.

ऑफिसात डबा द्यायला गेले होते. दार लोटलेलं होतं. आतून सून पाटीवाल्याला म्हणत होती, "त्यांना थेट नाही म्हणू नका. मी बघते. मी लोकांना अर्धा तास आधीच बोलावते, आणि बाराच्या वर तिकिटं देत नाही. थोडे दिवस द्या मला."

थोडे दिवस द्या मला! म्हणजे माझ्या घरात राहून, माझ्या हातचं खाऊन, ही आतून माझी वाट स्वतःच्या नावावर करून घेतेय. म्हणून बाराच माणसं! मी म्हणत होते गर्दीच्या दिवसांत माणसं कमी का येतात. म्हणून अर्धा तास लवकर! मला वाटायचं लोकच उतावळे झालेत.

डबा दारात ठेवून परत आले. संध्याकाळी तिला म्हटलं, "तिकीटघर पुरलं नाही का तुला?" तिचा चेहरा पांढरा पडला. मुलगा मध्ये पडला, "आई, ती तुझ्यासाठीच..." मी त्याला म्हटलं, तू लाँच बघ.

हे म्हणाले, "बुधवारी उधाण आहे. त्या दिवशी राहू दे."

उधाण मला शिकवतात. उधाणाच्या दिवशी पाणी जास्त ओसरतं आणि परतताना वेगात येतं, हे काय मला माहीत नाही? म्हणूनच खडक आहे. खडक काही म्हातारा झालेला नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आधी जे झालं ते सरळ लिहिते.

ओहोटी सव्वादहाला होती. अकरा माणसं. सुनेने अर्धा तास आधी बोलावली होती, त्यांना मी मुद्दाम किनाऱ्यावर बसवून ठेवलं आणि माझ्या वेळेला निघाले. त्यात एक बाई होती, तिची सहा-सात वर्षांची मुलगी. मुलगी पुढे पळायची आणि परत माझ्यापाशी यायची. वाटेत म्हणाली, "आजी, तुमचा पाय दुखतो का?" मी म्हटलं, मी आजी नाही. ती म्हणाली, "मग तुम्ही अशा का चालता?" तिच्या आईने तिला गप्प केलं.

दीपगृहाशी सगळं नेहमीसारखं. मी खडकाशी बसले. खडकाच्या कमरेला पाणी लागलं. लागल्या क्षणी उठले. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. हे मी शपथेवर लिहीन. कुणी रेंगाळलं नाही, कुणाला शिंपले वेचू दिले नाहीत. ते पुढे, मी मागे. ते थांबायचे, मी हात करायचे, चला चला.

खोलगटाशी आलो तर तिथे पाणी. घोट्याएवढं नाही. मांडीच्या वर, आणि ओढ होती. पुढची माणसं काठावर उभी राहून माझी वाट बघत होती. मी पोचले तोवर आणखी चढलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं, एकमेकांचे हात धरा, सरळ चला, थांबू नका. मुलीला मी खांद्यावर घेतली. तिची आई नको म्हणत होती. मी म्हटलं, सव्वीस वर्षं नेतेय.

मध्यावर माझा गुडघा वळला.

वळला म्हणजे नव्हताच तो तिथे. मी खाली गेले आणि ती माझ्याबरोबर खाली गेली. माझ्या हातात तिचा फ्रॉक होता. मी सोडला नाही. पण तिचं डोकं पाण्याखाली होतं. तीन आकडे मोजता येतील इतका वेळ. चार असतील.

वरून कुणीतरी तिला उचललं. सून. ती आणि हे छोटी होडी घेऊन खोलगटाच्या तोंडाशी आधीपासून होते. का होते ते मी विचारलं नाही. सुनेने आधी मुलीला होडीत टाकलं, पालथी केली, पाठ चोळली. मुलगी ओकली आणि रडायला लागली. मग मला केसाला धरून ओढलं. माझ्या केसाला. मग बाकीच्यांना, दोर टाकून, दोन दोन करून. अकराच्या अकरा आली.

त्या आईने किनाऱ्यावर माझ्या तोंडावर सांगितलं, "तुम्ही बाई आहात की कोण आहात?" मी ओला पदर पिळत राहिले.

पाणी लवकर आलं. दुसरं काय असणार? चंद्र असेल, वारा असेल. पट्टा लांब झालाय. वाळू सरकते, हे सगळ्यांना माहीत आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

वाट बंद. पाटीवरच्या चौथ्या गोष्टीवर पाटीवाल्याने काळं फडकं टांगलंय. मला बघून आत निघून गेला. बोलला असता तर बरं झालं असतं. भाच्याला फोन करून सांगितलं, तक्रार राहू दे.

सुनेने जेवायला वाढलं. मी जेवले नाही. तिच्या दोन्ही तळव्यांना दोराचे वळ आहेत. तेल लाव म्हटलं. एवढंच.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ओहोटी बाराला होती. मुलाचं घड्याळ मागून घेतलं. तो म्हणाला, "कशाला?" म्हटलं, दे.

एकटी गेले. किनाऱ्यावरच्या शेवटच्या दगडापाशी काटा बघितला आणि निघाले. बरोबर कुणी नाही, म्हणजे कुणी हळू नाही, कुणी शिंपले वेचत नाही, कुणी थांबत नाही. जेवढं जोरात चालता येईल तेवढं चालले. दात आवळून. वाळू जिथे होती तिथेच आहे. पट्टा लांब झालेला नाही. खोलगटसुद्धा जागेवर आहे.

दीपगृहाच्या पहिल्या पायरीवर हात ठेवला आणि काटा बघितला.

अठ्ठावन्न मिनिटं.

तिथे बसून मोठ्याने शिव्या दिल्या. घड्याळाला, गुडघ्याला, सासूला. सासूने 'खडकाच्या कमरेला पाणी' शिकवलं, पण ते कुणाच्या पायांसाठी ते सांगितलं नाही. तिच्या पायांसाठी होतं. मग माझ्या. खडकाला काय, तो कुणाचेही पाय धरून हिशेब करत नाही. आणि मी अक्कलशून्य, यंदा सबंध मोसम तिथे बसून कंबर बघत होते.

पुढून चालायचं सोडून मागून चालायची पद्धत काढली म्हणे मी!

परत यायला वेळ राहावा म्हणून लगेच उठले. अर्धी वाट पाय ओढतच आले. किनाऱ्याशी सून उभी होती. तिने घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "अठ्ठावन्न." ती म्हणाली, "हो." आश्चर्य वाटल्यासारखं तोंडसुद्धा केलं नाही.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"उन्हाळ्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते, आई. तीनदा. तुम्ही एकदा पळी फेकलीत."

मला आठवत नाही. पळी आठवते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पाटीवाल्याकडे गेले. म्हटलं, परीक्षा घे. माझी नाही, हिची. तो खुर्चीतून उठलाच. सून म्हणाली, "आई, घाई नको." मी म्हटलं, गप्प बस आणि पदर खोच.

ओहोटी पावणेएकला होती. तो आणि ती गेली. तिला तेहतीस मिनिटं, पाटीवाल्याला धापा टाकत चाळीस. परत आल्यावर म्हणाला, "बाई, ह्यांना सगळं येतं. खोलगटात कुठे पाय टाकायचा ते डोळे झाकून येतं." मी सुनेला विचारलं, "कुणी शिकवलं?" म्हणाली, "तुमच्या मागून चालत होते की मी. लग्न झाल्यावर पहिली दोन वर्षं, डबा घेऊन यायचे तेव्हा."

येत होती खरी. मी तिच्याशी बोलतसुद्धा नसे वाटेत.

मग तिला खडकाचं सांगितलं. सगळं सांगितलं, ह्या वेळी पायांसकट. म्हटलं, दर वर्षी मोसमाच्या आधी घड्याळ लावून चालायचं. ज्या वर्षी पस्तिसाच्या वर जाशील त्या वर्षी थांबायचं. कुणी सांगायची वाट बघायची नाही. आणि कुणी सांगितलं तर पळी फेकायची नाही. ती हसली. मी काही गमतीने बोलले नव्हते.

फडकं काढलं त्याने.

२३ नोव्हेंबर, रविवार

ओहोटी पावणेदोनला. सून बारा जणांना घेऊन गेली. ती पुढे.

मी किनाऱ्यावर थांबले. कुठे बसायचं तेच कळेना. सव्वीस वर्षांत मी ही वाट जमिनीवरून कधी बघितली नव्हती. भयंकर दिसते. वाळू दिसतच नाही म्हटलं तरी चालेल, एवढीशी रेघ, दोन्हीकडून पाणी, आणि त्यावर माणसं मुंग्यांएवढी. जरा ढग आला की रेघही जाते आणि माणसं पाण्यावरच चालल्यासारखी दिसतात. हे शेजारी येऊन उभे राहिले. जाळंबिळं काही हातात नव्हतं.

माझा पारा चढला. "हे असं दिसतं? रोज? आणि इतकी वर्षं तुम्ही एक शब्द बोलला नाहीत?"

हे म्हणाले, "बोललो असतो तर थांबली असतीस?"

"नाही."

"मग?"

ह्यांच्याशी भांडण्यात अर्थ नाही.

परत येताना ती लोकं खोलगटात उतरली तेव्हा मी उभी राहिले. मोजली. बारा आणि एक. पुन्हा मोजली. गुडघ्याने बस म्हटलं तरी बसले नाही. वर चढून पट्ट्यावर आली, तेव्हा पाणी अजून खोलगटाच्या बाहेर होतं, चांगलं दूर.

सगळी कोरडी आली. लोक झोपाळ्याकडे गेले. सून माझ्यापाशी येऊन म्हणाली, "कसं झालं, आई?"

मी म्हटलं, "खोलगटात रेंगाळलीस."

रेंगाळली नव्हती. पण तिथे मला तिचं नुसतं डोकं दिसत होतं, आणि तेवढा वेळ मला संपता संपेना.